पुरवणी बांधायची राहिली

फाइल काढून टाकली, आणि डिस्कवर जागा मोकळी झाली नाही.

एवढंच झालं. धूर नाही, आवाज नाही, लाल दिवा नाही. एकशे साठ जीबीची फाइल मी माझ्या हाताने उडवली आणि मोकळ्या जागेचा आकडा होता तिथेच, ढिम्म. चार टक्के. परत विचारलं. चार टक्के. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. फाइलचं नाव गेलंय, पण फाइल कुणीतरी अजून हातात घट्ट धरून बसलंय. आणि एवढी मोठी फाइल धरून बसेल ते फक्त चालू असलेलं एखादं मशीन.

थांबा, नीट सांगते. नाहीतर दादा म्हणतो तसं व्हायचं, की हिची गोष्ट नेहमी शेपटीकडून सुरू होते.

मी एका हॉस्पिटलातले सर्व्हर सांभाळते. तळमजल्यावर लाँड्री आणि औषधांचं गोदाम यांच्या मधे माझी खोली. खिडकी नाही, आणि एसी इतका गार की भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसते. लाँड्रीतल्या बायका फिदीफिदी हसतात, हसोत बापड्या. खोलीत एक मोठा सर्व्हर आहे आणि त्या एकाच्या पोटात आठ कॉम्प्युटर चालतात. त्यांना ना खोकं ना पडदा, पण प्रत्येकाला वाटतं आपला संसार वेगळा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एकावर एक्स-रे, एकावर औषधांचा साठा, एकावर बाहेरच्या रांगेचे नंबर. पाचव्यावर आवाज.

आवाज म्हणजे माणसांचे. गळ्याच्या कॅन्सरमधे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांचा आवाज आमच्याकडे आधी रेकॉर्ड करून ठेवतात. त्यासाठी एक स्पीच थेरपिस्ट आहे, सगळे तिला आवाजबाईच म्हणतात. ती पेशंटला एका बंद खोलीत बसवते, तीनशे वाक्यं वाचून घेते, मग त्याची स्वतःची, रोज तोंडात असलेली वाक्यं बोलून घेते. पुढे काही महिन्यांनी त्याला एक यंत्र मिळतं. त्यात टाइप केलं की ते त्याच्याच आवाजात बोलतं. पण हे सगळं ऑपरेशनच्या आधी. नंतर रेकॉर्ड करायला आवाज आणणार कुठून?

माझ्या दादाचं ऑपरेशन सोमवारी झालं. मी सांगतेय तो गुरुवार.

दादा गाडी चालवायला शिकवतो. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक म्हणतोय मी!" असं ओरडत आलाय. घरी तोच आवाज. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि मी लहानपणापासून वेंधळी. ते माझं नावच आहे घरात. मी सांडायचं, मोडायचं, हरवायचं, आणि बाबा घरी यायच्या आत पलंगाखाली जाऊन बसायचं. एकदा मी बाबांच्या चष्म्यावर बसले. नवा चष्मा, पार चपटा. दादाने मला पलंगाखालून ओढून काढलं आणि म्हणाला, "तू गप्प बस. मी बोलतो." मग बाबांपुढे उभा राहून तो इतकं बोलला, इतकं बोलला, की बाबा शेवटी हात जोडून म्हणाले, बाबा रे, चष्मा राहू दे, तू थांब. कुणी मोडला हे विचारायचंच राहून गेलं. असं दहा वेळा तरी झालं असेल. तू गप्प बस, मी बोलतो.

आता माझी चूक.

चालू मशीनचा बॅकअप घ्यायचा म्हणजे पंचाईत असते. मशीन सारखं डिस्कवर लिहीत असतं, लिहिता हात हलत असताना फोटो कसा काढणार? म्हणून आम्ही तात्पुरता स्नॅपशॉट घेतो. मशीनला सांगायचं, की ही मुख्य डिस्क आता जशी आहे तशी गोठव, आणि यापुढचं सगळं या वेगळ्या फाइलमधे लिही. मी त्या फाइलला पुरवणी म्हणते. परीक्षेत असते ना, तीच. उत्तरपत्रिका झेरॉक्सला गेलीय, तोवर पोराने पुरवणीवर लिहायचं. मुख्य डिस्कची प्रत निवांत काढून झाली की पुरवणीतलं सगळं परत मुख्य डिस्कमधे उतरवायचं आणि पुरवणी टाकून द्यायची. याला मी पुरवणी बांधणं म्हणते. तास-दीड तासाचं काम. प्रत आपोआप निघते. पुरवणी बांधायचं काम मात्र मी हाताने करते, डोळ्यांदेखत. आपोआपवर माझा विश्वास नाही. कसली मिजास, बघा.

एकोणीस दिवसांपूर्वीच्या शनिवारी पाचव्या मशीनची प्रत निघाली, मी पुरवणी बांधायला बसले आणि वहिनीचा फोन आला. "डॉक्टर म्हणतायत स्वरयंत्र काढावं लागेल. अख्खं." मी पर्स उचलली आणि गेले. पुरवणी बांधायची राहिली.

मशीनला काय, ते बिचारं लिहीत राहिलं पुरवणीवर. पुढच्या दोन शनिवारी बॅकअपवाल्या प्रोग्रामने मला मेल टाकले, की आधीची पुरवणी बांधलेली नाही म्हणून प्रत घेतली नाही. मी ते मेल उघडलेसुद्धा नाहीत. मी त्या दिवसांत वॉर्ड, घर, वॉर्ड करत होते. आणि दादाचं रेकॉर्डिंग सुरू झालं ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारी. बारा दिवस तो त्या खोलीत बसून बोलत होता. म्हणजे त्याचा आवाज मुख्य डिस्कवर नव्हताच. बॅकअपमधेही नव्हता. होता तो फक्त पुरवणीत.

आणि माझी एक जुनी खोड. तात्पुरत्या फाइलला मी नाव देते 'उद्या काढ'. म्हणजे उद्या दिसली की काढायची, विचार करायचा नाही. गुरुवारी सकाळी डिस्क भरत आल्याचा इशारा आला. बघते तर 'उद्या काढ', एकशे साठ जीबी. वाटलं, असेल बॅकअपची उरलेली प्रत. काढली. स्वतःच स्वतःला लिहून ठेवलेला हुकूम मी पाळला, दुसरं काय.

सकाळचे दहा चाळीस झाले होते. पाचव्या मशीनने कुठल्या फाइली धरल्यात ते मी विचारलं. यादी आली. 'उद्या काढ', आणि पुढे शेरा: काढून टाकलेली.

कपाळ माझं! दादाचा आवाज नाहीसा झाला नव्हता, पण होता तो फक्त त्या चालू मशीनच्या मुठीत. मशीन चालू आहे तोवर फाइल आहे. मशीन बंद पडलं, अडलं, नुसतं रीस्टार्ट झालं, की मूठ सुटली. मग जगातला कुठलाही शहाणा ती परत आणू शकत नाही.

आणि नेमकं त्या दिवशी वीज जाणार होती.

आपोआप नाही, ठरवून. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. त्या बदलायच्या आणि त्याबरोबर तळमजल्याचं जुनं पॅनेलही. वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर जनरेटरवर जाणार, लिफ्ट आणि माझी खोली बंद. एक वाजता. मी पावणेएकला सगळी मशीनं शिस्तीत बंद करायची, असं महिन्यापूर्वी ठरलेलं. दहा वाजताच वायरमनकाकांनी यूपीएस बाजूला काढून माझी खोली थेट मेनवर टाकली होती. म्हणजे एकपर्यंत तरी वीज राहील याचीही खात्री नाही. एक झटका, डोळ्याचं पातं लवेल एवढा, आणि खेळ खलास.

उपाय एकच होता. मशीनला पॉज करायचं, म्हणजे बंद नाही, नुसतं श्वास रोखून उभं करायचं, आणि ते उभं असताना त्याच्या मुठीतली फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. स्वतःच्या डिस्कवर जागा नाही. उरला तो बॅकअपचा जुना डबा, म्हणजे डिस्कचं वेगळं खोकं, नेटवर्कवरून, बैलगाडीच्या वेगाने.

पॉज करायच्या आधी मी आवाजबाईच्या खोलीकडे धावले. दारावर लाल दिवा, म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू. या खोलीचं दार कुणी वाजवत नाही. मी धडाधड वाजवलं. आत एक रिटायर्ड मास्तर माइकसमोर बसले होते. आवाजबाई बाहेर आली, चिडून लाल.

"अगं काय हे? वाक्य तोडलंस त्यांचं."

मी तिला सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं. ती दाराला टेकली.

"कुणाकुणाचं आहे त्यात?"

"तूच सांग. शनिवार धरून एकोणीस दिवस."

तिने बोटांवर मोजलं. "सहा जण. त्यातल्या दोघांना परत बसवता येईल. त्यातले एक हे मास्तर, त्यांचं ऑपरेशन परवा आहे." उरलेल्या चौघांचं ऑपरेशन झालेलं होतं. "तुझा दादा तर..."

"माहितेय."

"त्याने स्वतःची वाक्यं किती दिलीयत माहितेय? लोक वीस-पंचवीस देतात. त्याने दोनशे अकरा. मी म्हटलं पुरे, तर म्हणाला, बाई, आमच्या घरात मीच बोलतो, बाकीच्यांना जमत नाही."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, स्वतःचाच. "रेकॉर्डिंग थांबव," म्हटलं, "आणि देव पाण्यात ठेव."

अकरा वाजून दोन मिनिटांनी मी मशीन पॉज केलं. फाइल उतरायला लागली. पडद्यावर आकडा आला: उरलेला वेळ दोन तास पंधरा मिनिटं. म्हणजे एक वाजून सतरा मिनिटं. वीज जाणार एकला.

सतरा मिनिटं! काय नशीब म्हणावं याला? तास-दोन तास कमी पडले असते तर सरळ जाऊन पाय धरले असते. सतरा मिनिटांसाठी माणूस थाप मारायच्या गोष्टी करतो. मीही केल्या. वायरमनकाकांकडे गेले. ते पॅनेलसमोर उकिडवे बसून वायरींना चिकटपट्ट्या लावत होते.

"काका, एकच्या ऐवजी दीडला बंद केलंत तर चालेल का? माझा एक अपडेट चाललाय."

त्यांनी वर न बघता विचारलं, "अपडेटला घाम येतो का ताई एवढा?"

मी पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड पुसलं.

"हे बघा," ते म्हणाले, "थिएटर एक ते तीन रिकामं ठेवलंय. पॅनेलवाले बाहेरून बोलावलेत चार जण. मी माझ्या बायकोला न विचारता घरातला पंखा बंद करत नाही, हे तर हॉस्पिटल. मॅडमना सांगायला लावा. मॅडम म्हणाल्या तर दीड काय, दिवाबत्तीला करतो."

मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. दुसऱ्या मजल्यावर बसतात, कमी बोलतात. गेल्या वर्षी मी एक केबल चुकीची उपसली होती आणि एक्स-रे तासभर बंद पडला होता. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की पुढच्या वेळी मी ऐकून घेणार नाही. ही पुढची वेळ.

जिन्यात मी दोनदा थांबले. खरं सांगते, वाटलं की परत फिरावं. सव्वा एकपर्यंत काहीतरी कारण काढून पॅनेलसमोर उभं राहावं, भांडण करावं, चक्कर आल्याचं सोंग करावं. पलंगाखाली जाऊन बसायची सवय अशी पस्तिशीनंतरही सुटत नाही. आणि दादा चौथ्या मजल्यावर होता, गळ्याला भोक आणि नाकात नळी. बोलणार कोण?

तेवढ्यात वहिनीचा फोन. "अगं, येतेस ना दुपारी? हे सकाळपासून पाटीवर लिहून लिहून वैताग आणतायत. नर्सबाईंना लिहून दाखवलं, तुमची सलाइन उजव्या वळणाला फार वेगात जाते." ऑपरेशननंतर त्याला माझ्या भाचीची जादूची पाटी दिली होती, पट्टी ओढली की पुसली जाते ती. "आणि परत परत तेच विचारतायत, यंत्र कधी येणार. मी सांगितलं, आवाज खाली आपल्या वेंधळीकडे सुखरूप आहे, घाई काय. तर कसे हसले! आवाज नाही, पण हसले."

"येते," म्हटलं आणि फोन ठेवला. सुखरूप. तो शब्द घेऊनच मी मॅडमच्या खोलीत गेले.

मी सगळं सांगितलं. पुरवणी, फोन, दोन मेल, 'उद्या काढ', एक सतरा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटत होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो काढलेला आवाज परत रेकॉर्ड होणार नाही," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"चौघांचा नाही."

"त्यात तुझा भाऊ आहे."

"हो."

"भाऊ नसता, तर मला येऊन सांगितलं असतंस?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायला काय जात होतं? पण जीभ वळली नाही. "माहीत नाही मॅडम," म्हटलं.

मग त्यांनी फोन उचलला आणि वायरमनकाकांना सांगितलं, "दीड वाजता. त्याआधी तळमजल्यावरच्या कुठल्याही बटणाला हात लागता कामा नये." फोन ठेवून मला म्हणाल्या, "दीड म्हणजे दीड. थिएटरमधे तीनला एक लहान मूल घ्यायचंय, त्यापुढे मी जाऊ शकत नाही. आणि उद्या सकाळी हे सगळं लेखी, माझ्या टेबलावर. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासकट."

मी खाली आले. वायरमनकाकांनी पॅनेलसमोर स्टूल टाकलं होतं आणि त्यावर मांडी ठोकून बसले होते. "जा ताई," म्हणाले, "माझ्या अंगावरून जाईल तो बटण दाबेल."

मग नुसतं बसायचं होतं. यासारखी शिक्षा नाही. एकसष्ट टक्के. बासष्ट. पंख्यांचा घूं घूं आवाज जरा बदलला की मी खुर्चीतून उठायची. एसीने मधेच गचका दिला, मी दोन्ही हात सर्व्हरवर ठेवले. हात ठेवून काय होणार होतं? वीज काय हाताने धरता येते? पण ठेवले. आवाजबाई येऊन शेजारी बसली. तिने आणलेला चहा दोघींपैकी कुणी प्यायलं नाही.

बारा बावन्नला ट्यूबलाइट फडफडली.

एकदा, दोनदा. उजेड मंदावला, पुरता गेला नाही, परत आला. मी किंचाळले. आवाजबाईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ दोन दिवस होते. बाहेरून वायरमनकाका ओरडले, "लाँड्रीवाल्यांनी ड्रायर लावला! बंद करायला लावतोय! ए बाई, बंद कर तो आधी!" मी पडद्याकडे बघायला धजेना. डोळे गच्च मिटून विचारलं, "चालू आहे का?"

"ब्याऐंशी," आवाजबाई म्हणाली. "त्र्याऐंशी झाले. बघ ना, चालू आहे."

एक सतराचं एक एकोणीस झालं. शंभर टक्के.

आणि खरी भीती पुढेच होती. उतरवलेली फाइल बरोबर आहे की नाही, हे कळायला एकच मार्ग होता: मशीन बंद करायचं, नव्या फाइलला जुन्या फाइलचं नाव द्यायचं, आणि मशीन परत चालू करायचं. पण बंद केलं की मूठ सुटली, मूळ फाइल गेली. दोन्ही फाइली शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायला आणखी दोन तास हवेत. माझ्याकडे होती अकरा मिनिटं. दीड वाजता मूठ सुटणारच होती, माझ्या हाताने किंवा काकांच्या.

"कर," आवाजबाई म्हणाली.

"तू नको सांगूस."

"बरं, नाही सांगत."

मी बंद केलं. एका बटणाचं काम. डिस्कवर जागा मोकळी झाली, लगेच, झटक्यात. सकाळी जो आकडा बघायला मी तडफडत होते, तो आता समोर होता आणि मला बघवेना.

नाव दिलं. फाइल डब्यातच ठेवून मशीनला तिचा पत्ता दिला. मशीन चालू केलं. काळा पडदा. काळाच पडदा. बैलगाडीचा डबा तो, एकेक अक्षर ओढून आणत होता. एक तेवीस. मी मनात दादाला शिव्या घातल्या, कशाला बोललास एवढा, दोनशे अकरा वाक्यं, हावरट. एक चोविसला पाचवं मशीन उभं राहिलं. रेकॉर्डिंगचा कप्पा उघडला. दादाच्या नावाखाली फाइली होत्या, सगळ्या, ओळीने. पण यादी दिसली म्हणजे आत आवाज आहेच असं नाही. ऐकावं लागणार होतं. ही वाक्यं खाजगी असतात, मी आजवर कुणाची ऐकली नव्हती. त्याचीही नाही.

पहिली फाइल लावली. स्पीकरमधून नुसती खरखर. एक सेकंद, दोन, तीन, चार. मी आवाजबाईकडे बघितलं, ती पांढरीफटक. पाच.

मग कुणीतरी खाकरलं.

"हं. चालू झालं का? लाल दिवा लागलाय, म्हणजे बोलायचं ना? बरं. वाक्य पहिलं." घसा बसलेला, पण तोच आवाज, शेजारच्या सीटवरचा. "काय गं वेंधळे, आज काय सांडलंस?"

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. हमसून हमसून. आवाजबाईने मधल्या आणि शेवटच्या दहा-बारा फाइली लावून बघितल्या, बाकी तिघांच्याही बघितल्या. सगळे बोलत होते. कुणी नातवाला हाक मारत होतं, कुणी दूधवाल्याला. एक अठ्ठाविसला मी आठही मशीनं एकेक करून शिस्तीत बंद केली, डोळे पुसले आणि बाहेर येऊन काकांना म्हटलं, "करा."

त्यांनी स्टूल बाजूला सारलं. खट्. माझी खोली अंधारात गेली, पंखे थांबत थांबत गप्प झाले. आता अंधाराची भीती नव्हती. पुरवणी बांधायची होती, ती वीज आल्यावर, आणि या वेळी कुणाचाही फोन येवो.

लिफ्ट बंद, म्हणून चार मजले चढून गेले. वहिनी जेवायला गेली होती. दादा उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी, मांडीवर भाचीची गुलाबी पाटी. मला बघून त्याने भुवया उडवल्या. काय झालं? माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, त्याच्यापासून मी कधी काही लपवू शकले नाही.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं. काही गाळलं नाही. त्याचा आवाज माझ्या चुकीने तीन तास एका दोरीला लटकत होता, हेही. तो ऐकत होता. मी पहिल्यांदाच बघत होते, की तो मधे एकही शब्द न बोलता माझं पूर्ण ऐकतोय. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच. "दोन मेल आले होते, दादा. मी उघडले नाहीत. आणि आता मॅडम, उद्या सकाळी लेखी..."

त्याने माझ्या हाताला थोपटलं. मग पाटी उचलली आणि झरझर लिहिलं, नेहमीच्या घाईने, आणि माझ्याकडे वळवली.

तू गप्प बस. मी बोलतो.

मी वाचलं. त्याने पाटी आपल्याकडे फिरवून परत वाचलं. त्याची बोटं पेनावर तशीच राहिली. त्याने लिहिलं होतं ते सवयीने, आणि आता त्याला ते दिसत होतं.

"बोलून आले मी," म्हटलं. "आधीच. मीच."

मग त्याने मान हलवली आणि पुसायला पट्टीकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे दादा. हे नको काढूस."